सोलापुरात पगारी फॅमिली डॉक्टर म्हणून रुजू होताना

अनेक डॉक्टर एकत्र बसतात अशा मोठ्या दवाखान्यात नोकरी धरण्यापूर्वी नियुक्तिपत्र घरी नेऊन सावकाश वाचावे. मोबदला पगार म्हणून मिळणार की व्यावसायिक शुल्क म्हणून, हे आधी पाहावे. कारण शुल्क म्हटले की साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो आणि भविष्यनिर्वाह निधी व भरपगारी रजा यांवर बहुधा पाणी सोडावे लागते. उपचारातील चुकीबद्दल भरपाईचा दावा झाल्यास उपयोगी पडणाऱ्या दवाखान्याच्या विम्यात आपण आलोच, असे गृहीत न धरता स्वतःच्या नावाची पॉलिसी काढावी. रुग्णांना लिहून दिलेल्या तपासण्यांच्या संख्येशी पगार जोडलेला असेल, तर ती नोकरी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र सर्वांत जास्त आग्रह धरावा तो एकदा पाहिलेला रुग्ण पुन्हा आपल्याकडेच पाठवला जावा याचा. सूतगिरणीतला कामगार खोकला घेऊन येतो, तेव्हा एक डॉक्टर सिरप देतो, दुसरा अँटिबायोटिक; पण साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीत त्याची छाती आवळते आणि आठवडा सरता सरता बरे वाटते, हे त्याला तीन-चारदा पाहणाऱ्यालाच उमगते, आणि तेव्हा कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची शंका येते.

केसपेपरवर व्यवसाय स्वतः विचारून लिहावा. पूर्व भागातील कितीतरी बायकांच्या कागदावर ‘गृहिणी’ असते, आणि हात पाहावेत तर बोटांना तंबाखूचा वास येतो, कारण घरी बसून त्या रोज विड्या वळतात. दुखण्याला तेलुगूत ‘नोप्पि’ आणि कन्नडमध्ये ‘नोवु’ म्हणतात, एवढे जरी ठाऊक असले तरी आजीबाई सुनेकडे न पाहता थेट आपल्याशी बोलू लागतात.

आपण रजेवर असताना आलेले अहवाल कोण पाहणार, हे नाव घालून ठरवून घ्यावे. माझ्या पहिल्या नोकरीत एका मधुमेही रुग्णाचा वाढलेल्या क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणाऱ्या रक्तातील घटकाचा) अहवाल चार दिवस ट्रेमध्ये तसाच पडून होता. तेव्हापासून प्रलंबित अहवालांची वही मी स्वतः ठेवतो आणि रजेवर जाताना ती सहकाऱ्याच्या हातात देतो. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात, आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. हा नियम स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांनाही समजावून सांगावा, कारण कागद मागायला आलेला माणूस प्रथम त्यांच्यासमोरच उभा राहतो.