रात्रीच्या बसने चियांग माईला जाऊन बाजारात शाकाहारी कसे जेवावे

बँकॉकहून उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहराला जाणारी रात्रीची बस सुमारे ७०० किलोमीटरचे अंतर साधारण दहा तासांत कापते आणि एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचवते. पासपोर्ट, चलन, विमा वगैरे तयारी वाचकाने केली आहे असे मी गृहीत धरते. या प्रवासात खरी अडचण बसची नाही, जेवणाची आहे, म्हणून बसचा भाग लवकर उरकते.

शक्यतो शुक्रवारी रात्री निघावे. चियांग माईत शनिवारी संध्याकाळी वुआलाय रस्त्यावर आणि रविवारी राचादमनोन रस्त्यावर बाजार भरतो, त्यामुळे एकाच खेपेत दोन्ही पाहून होतात.

बस बँकॉकच्या मो चित स्थानकावरून सुटते. उंच पुलांवरून धावणाऱ्या स्कायट्रेनचेही एक मो चित स्थानक आहे, पण बस स्थानक त्याच्या शेजारी नाही, आणि बॅगा घेऊन चालत जाण्याइतके जवळही नाही; तेथून टॅक्सी करावी. तिकीट स्थानकातल्या खिडकीवर किंवा बस कंपनीकडूनच घ्यावे, पर्यटकांच्या गल्लीतल्या एजंटाकडून नव्हे. तिकिटावर २५६८ असे साल दिसले तर दचकू नये. ते बौद्ध वर्ष असते आणि त्यातून ५४३ वजा केले की २०२५ मिळते. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या बसची तारीख मात्र दोनदा तपासावी. बसमध्ये वातानुकूलन इतके कडक असते की पातळ चादर पुरत नाही. शाल हाताशी ठेवावी. पैसे आणि पासपोर्ट अंगावर असावेत, डिकीतल्या बॅगेत नव्हे.

वरच्या वर्गाच्या तिकिटाला बहुधा जेवणाचे कुपन जोडलेले असते आणि मध्यरात्रीच्या थांब्यावर त्यावर जेवण मिळते. शाकाहाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. घरची चटणी-पोळी जवळ ठेवावी. पहाटे चियांग माईला उतरल्यावर लाल रंगाच्या सामायिक गाड्या जुन्या शहरात नेऊन सोडतात.

आता जेवण. पहिल्या दोन सहलींत मी फसले, आणि दोन्ही वेळा पुस्तकी सल्ल्याने. ‘मांस नको’ असे स्थानिक भाषेत म्हणायला शिकून जा, असा तो सल्ला होता. त्याप्रमाणे मी ‘माय आव नुआ’ म्हणाले, तेव्हा गाडीवरच्या बाईंनी हसून मान डोलावली आणि डुकराचे मांस घातलेला भात पुढे ठेवला. ‘नुआ’ म्हणजे मांस हे खरे, परंतु रोजच्या बोलण्यात त्या शब्दाने गोमांस समजले जाते. त्यांनी माझे म्हणणे तंतोतंत पाळले होते. पुढच्या खेपेस मी कोंबडी, डुक्कर, मासे आणि कोळंबी अशी चार नावे पाठ करून गेले. ताटात यांपैकी काहीही दिसले नाही, पण पहिल्याच घासाला माशाचा वास आला.

याचे कारण असे की ‘नाम प्ला’ म्हणजे माशांचा खारवलेला रस तेथे मिठाच्या जागी वापरला जातो, आणि तो घालणाऱ्याच्या मनात आपण मासे घालत आहोत असा विचारच येत नाही. ‘कापि’ हे कोळंबीचे आंबवलेले वाटण तर आमटीच्या मसाल्यात आधीच मिसळलेले असते, त्यामुळे गाडीवर उभे राहून ते काढून टाका म्हणण्याला अर्थ उरत नाही. चियांग माईच्या प्रसिद्ध खाओ सोयचा, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचा, रस्सा बहुधा मांसाचाच असतो, आणि वरचे तुकडे बाजूला केल्याने तो शाकाहारी होत नाही. नकोशा वस्तूंची यादी वाचणे हा मार्गच चुकीचा आहे.

त्याऐवजी एकच शब्द शिकावा. इंग्रजी पुस्तकांत तो ‘जे’ वाटावा असा छापलेला असतो, पण उच्चार ‘चे’ असा, चेहऱ्यातल्या ‘चे’सारखा आणि सपाट सुरात करावा. ही चिनी परंपरेतून आलेली आहाराची शिस्त आहे. तिच्यात मांस, मासे, अंडी आणि दूध यांच्यासह कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिचा उत्सव असतो, तेव्हा गाडोगाडी पिवळी निशाणे लागतात. निशाणावरची लाल अक्षरे इंग्रजी १७ सारखी दिसतात; एरवीही तीच खूण शोधावी. साध्या गाडीवर ‘थाम चे दाय माय?’ म्हणजे ‘चे पद्धतीने करता येईल का?’ असे विचारावे. नकार आला तर तो प्रामाणिकपणा समजून पुढे जावे, हुज्जत घालू नये.

‘मांसविरती’वरून आलेला ‘मांगसाविरात’ हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो, म्हणून तोच वापरण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा, कारण त्यात अंडे चालते आणि माशाच्या रसाबाबत प्रत्येक विक्रेत्याचा समज वेगळा असतो.

उच्चारांत मराठी माणसाची एक सोय आहे: इंग्रजांना अवघड जाणारा क आणि ख यांतला फरक आपल्याला सहज जमतो. कोंबडीला ‘काय’ म्हणतात आणि अंड्याला ‘खाय’. दोन्हींचा सूर खालचा असतो, तरीही पातेल्याकडे बोट दाखवून आपसांत ‘हे काय?’ असे विचारताना जरा जपून. केळ्याच्या रोटीत बहुधा अंडे फोडतात, म्हणून तव्यावर पीठ पडण्यापूर्वीच ‘माय साय खाय’, म्हणजे अंडे घालू नका, असे सांगावे. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कांडलेली कोशिंबीर, हिच्या बाबतीत वाळवलेली कोळंबी उखळात पडण्याआधी बोलावे. एकदा कांडायला सुरुवात झाली की काही होत नाही. सामायिक कढई ज्यांना अजिबात चालत नाही, त्यांनी फक्त पिवळ्या निशाणाच्या गाडीवरच खावे.

रविवारच्या बाजारासाठी पाचच्या आधी जुन्या शहराच्या था फे वेशीपाशी पोहोचावे, कारण सातनंतर धक्के खात चालावे लागते. सहा वाजता राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळा बाजार जागच्या जागी थांबतो, आपणही थांबावे. खाण्याच्या गाड्या रस्त्याकडेच्या देवळांच्या आवारात दाटीने असतात. सुटे पैसे जवळ ठेवावेत. बहुतेक पदार्थ ३० ते ७० बाथपर्यंत मिळतात. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात सहसा निर्धोक असतो. ‘खनोम क्रोक’ तर आपल्या अप्प्यांचे भावंड आहे: तसेच खळग्यांचे पात्र, तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध. तो पात्रातून काढल्याबरोबर तोंडात टाकू नये. आतले दूध उकळते असते आणि माझी जीभ दर वेळी भाजते.