हिवाळ्यात डच खेड्यांत आठवडाभराची सुट्टी? या चुका टाळा

नेदरलँड्सचा नकाशा बघितला की हमखास फसायला होतं. देश एवढासा दिसतो की आपण एका दिवसात तीन-तीन ठिकाणं बसवतो: सकाळी कालव्यांचं गाव गीटहोर्न, दुपारी किंडरडाइकच्या पवनचक्क्या, संध्याकाळी समुद्रकिनारा. जून महिन्यात हे धावतपळत जमेलही, डिसेंबरात नाही. २१ डिसेंबरच्या आसपास तिथे पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. मुंबई-पुण्यात त्या दिवशी ११ तास उजेड असतो, तिथे ८ तासही नाही. त्यात ढगाळ दिवस असला तर साडेतीनपासूनच अंधारून येतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: सहल किलोमीटरवर आखू नका, उजेडावर आखा. एका दिवसाला एकच ठिकाण. अंधारातच घर सोडायचं, दहापर्यंत ठिकाणावर पोचायचं, उघड्यावरचं जे काही असेल ते तीनच्या आत उरकायचं आणि उरलेला वेळ संग्रहालय, चर्च किंवा एखाद्या उबदार कॅफेसाठी ठेवायचा. तारखा तुमच्या हातात असतील तर फेब्रुवारीचा मध्य निवडा. थंडी तीच असते, पण संध्याकाळचा उजेड पावणेसहापर्यंत टिकतो, आणि नाताळातले चढे दरही टळतात.

उन्हाळ्याची यादी हिवाळ्यात वापरणं

ट्युलिप हिवाळ्यात नसतात. क्यूकेनहॉफची बाग मार्चच्या उत्तरार्धापासून साधारण मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, आणि शेतांमधले रंगीत पट्टे एप्रिलमधले. तरीही डिसेंबरच्या बेतात हे नाव दरवर्षी दिसतं. गीटहोर्नचंही तसंच. फोटोत दिसतं ते लोकांनी स्वतः चालवायच्या छोट्या विजेच्या बोटींचं गीटहोर्न. हिवाळ्यात बोटी भाड्याने देणारे बरेच जण बंद असतात किंवा ठरावीक दिवशीच बंदिस्त बोटीतून फेरी घडवतात, आणि कालवा गोठला तर तेही नाही. तरी गीटहोर्नला जरूर जा, पण बोटीसाठी नको, चालण्यासाठी जा. गवताने शाकारलेली छपरं, लाकडी पूल, आणि उन्हाळ्यात मुंगीला शिरायला जागा नसते त्या पायवाटांवर आता मोजकी माणसं. एंकहाउझेनच्या झाउडरझी संग्रहालयाचा खुल्या आकाशाखालचा भाग, म्हणजे वसवलेलं जुनं कोळी गाव, हिवाळ्यात बंद असतो. फक्त इमारतीतला भाग उघडा. लांबून तेवढ्यासाठीच जाणार असाल तर हे आधी माहीत हवं.

मग हिवाळ्यात खास असं काय? माझ्या मते सगळ्यात आधी पक्षी. उत्तर रशियाकडून येणारे हंसकुळातले गीज पक्षी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत डच कुरणांवर मोठ्या संख्येने मुक्काम करतात. फ्रीसलंडची शेतं, लाउवर्समेर सरोवराचा परिसर, आयसेल नदीकाठची पूरकुरणं इथे ते दिवसभर चरताना दिसतात. त्यासाठी वेगळं तिकीट नाही की लपणघरात तासन्‌तास बसणं नाही. दुर्बीण मात्र घरून न्या. त्यांना उठवून उडताना फोटो काढायचा मोह टाळा; थंडीत उडण्यात त्यांची ताकद खर्च होते.

दुसरं म्हणजे ड्रेंथे प्रांतातली हुनेबेडं, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची प्रचंड दगडांची थडगी. देशात एकूण ५४ उरली आहेत, त्यातली ५२ ड्रेंथेत. सर्वांत मोठं बोर्गरला, साधारण २२ मीटर लांब. ती उघड्यावर आहेत, तिकीट नाही, वेळ नाही. आणि पानं गळालेली असल्यामुळे दगडांची रचना हिवाळ्यात जास्त स्पष्ट दिसते.

पवनचक्क्यांची एक खूण लक्षात ठेवा. निळी लांबट पताका लावलेली असेल तर चक्की आतून बघता येते. बहुतेक जुन्या चक्क्या स्वयंसेवक चालवतात आणि त्यांना सवड शनिवारी असते. त्यामुळे किंडरडाइक सोडून एखाद्या साध्या गावातली चक्की बघायची असेल तर शनिवार राखून ठेवा. किंडरडाइकच्या १९ चक्क्या १९९७ पासून जागतिक वारशात आहेत. तिथे जाणाऱ्या जलबसचं हिवाळी वेळापत्रक उन्हाळ्यापेक्षा वेगळं असतं, ते निघण्याआधी तपासा.

मुक्काम चुकीच्या जागी घेणं

ॲमस्टरडॅममध्ये राहून रोज खेड्यांकडे जाणं-येणं, ही सर्रास होणारी चूक. पूर्वेकडच्या प्रत्येक सहलीला जाता-येता तास-तास जास्त जातो, आणि उजेड मुळात कमी. त्यापेक्षा झ्वोलेसारखं मध्यम शहर धरा. स्खिपोल विमानतळावरून थेट गाडी आहे. तिथून कांपेन १० मिनिटांवर, डेव्हेंटर आणि गीटहोर्नसाठीचं स्टेनवाइक स्टेशन दोन्ही अर्ध्या तासाच्या आत, ख्रोनिंगेन आणि लेउवार्डेन तासाभरावर. कलेची आवड असलेल्यांनी आर्नेम किंवा एडे धरावं, म्हणजे होखे फेलुवे अभयारण्य जवळ पडतं.

जंगलातले सुट्टीचे बंगले फोटोत फार गोड दिसतात आणि कुटुंबासाठी ते खरंच छान असतात, पण गाडी असेल तरच. स्टेशनपासून ते लांब असतात. त्यांचे मुक्काम सहसा शुक्रवार ते सोमवार, सोमवार ते शुक्रवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार असे बांधलेले असतात. विमानाचं तिकीट बुधवारचं काढून ठेवलंत तर जुळवाजुळव करताना नाकी नऊ येतात. चादरी, टॉवेल, शेवटची सफाई आणि पर्यटन कर बऱ्याचदा वेगळा लागतो, तेव्हा पहिल्या आकड्यावर तुलना करू नका.

आई-वडील बरोबर असतील तर जिन्याची चौकशी आधी करा. जुन्या डच घरांतले जिने अरुंद आणि विलक्षण उभे असतात, झोपायच्या खोल्या वर असतात आणि कधी कधी संडास फक्त खालीच असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री ते उतरायला लावणं म्हणजे शिक्षाच. तळमजल्यावर झोपायची खोली आहे का, हे लेखी विचारून मगच पैसे भरा.

बस आणि कार्ड

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

देशभरातल्या रेल्वे, बस, ट्राम आणि मेट्रोत आता बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवून प्रवास करता येतो. पण एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्याच्या कार्डावर दोघांनी चढायची सोय नाही. दोघांना दोन कार्डं लागतात. चढताना टेकवलं तसं उतरतानाही टेकवायचंच, नाहीतर प्रवासाच्या भाड्याऐवजी ठरावीक जादा रक्कम कापली जाते. चढताना प्लॅस्टिकचं कार्ड आणि उतरताना तेच कार्ड भरलेला मोबाइल, असं केलंत तर यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि दोन्हीवर अर्धवट प्रवास राहतो. भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि स्पर्शविरहित व्यवहार, दोन्ही सुरू करून घ्या. ते बंद असले तर कार्डात पैसे असूनही फाटक उघडत नाही.

आणखी एक खोच. राष्ट्रीय रेल्वेच्या गाडीतून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बदलताना, फलाट सोडला नाही तरी, आधी पहिल्या कंपनीच्या खांबावर कार्ड टेकवून बाहेर पडायचं आणि दुसऱ्या कंपनीच्या खांबावर टेकवून आत शिरायचं. झ्वोलेहून कांपेनला किंवा एमेनला जाताना हे लागतं. खांबावरचं बोधचिन्ह बघा.

खेड्यांतली बस तासाला एक असणं सामान्य आहे, रविवारी त्याहून कमी. काही मार्गांवर आठ जणांची छोटी ‘ब्यूर्टबस’ धावते. ती गावातले स्वयंसेवक चालवतात. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ती बहुधा नसते. काही ठिकाणी बस तासभर आधी फोन किंवा ॲपवरून मागवावी लागते. म्हणून जाण्याच्या बसपेक्षा परतीची शेवटची बस आधी शोधा. ‘९२९२’ या ॲपमध्ये देशातल्या सगळ्या कंपन्यांचं वेळापत्रक एकत्र मिळतं. रेल्वेची दुरुस्तीची कामं शनिवार-रविवारी काढतात आणि मग गाडीऐवजी बस देतात, त्यामुळे आदल्या रात्री पुन्हा एकदा बघणं गरजेचं.

वार न बघता बेत आखणं

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. होखे फेलुवेतलं क्रोलर-म्युलर संग्रहालयही त्यात आलं, आणि व्हॅन गॉगच्या चित्रांचा जगातला दुसरा सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे, तेव्हा हा वार चुकला तर हळहळ होते. अभयारण्याचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं असतं. आतल्या पांढऱ्या सायकली मात्र फुकट. छोट्या गावांतली दुकानंही सोमवारी दुपारी उघडतात. सोमवार हुनेबेडांना किंवा नदीकाठच्या फिरण्याला द्या.

रविवारी उर्क आणि स्टापहॉर्स्टसारख्या धार्मिक गावांत दुकानं, हॉटेलं, सगळं बंद असतं, आणि लोक चर्चला जात असताना कॅमेरा घेऊन फिरणं तिथे कुणालाच रुचत नाही. स्टापहॉर्स्टमधल्या पारंपरिक पोशाखातल्या वृद्ध बायकांचे फोटो तर कुठल्याच वारी न विचारता काढू नका. कुणी आपल्या आजीचा नऊवारीतला फोटो तसा काढला तर आपल्यालाही आवडणार नाही.

नाताळाची सुट्टी दोन दिवसांची, २५ आणि २६ डिसेंबर. त्या दिवशी बाहेर जेवायचं तर आगाऊ जागा राखावी लागते. ३१ डिसेंबरला रात्री आठच्या सुमारास रेल्वे आणि बस बंद पडतात, म्हणून त्या दिवशी साडेसहापर्यंत मुक्कामी पोचा. डिसेंबरात नाताळाआधीच्या एका शनिवार-रविवारी डेव्हेंटरला जुन्या इंग्लंडचा देखावा उभारणारा उत्सव भरतो. तो सुंदर आहे, पण रांगा प्रचंड. लहान मुलं असतील तर तो टाळून दुसऱ्या वारी डेव्हेंटर बघा.

जेवण

गावातल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात. नऊला जेवायची सवय असलेल्यांनी हे मनावर घ्यावं.

शाकाहारी माणसाची फसगत सूपमध्ये होते. थंडीतलं प्रसिद्ध वाटाण्याचं सूप हिरवं दिसतं, पण त्यात डुकराचं मांस आणि धुरावलेलं सॉसेज असतं. टोमॅटो सूपमध्येही कधी कधी मांसाचे बारीक गोळे सोडलेले असतात. मोहरीच्या सूपमध्ये, बटाटा आणि केलची पालेभाजी एकत्र कुस्करून केलेल्या स्टाम्पोटमध्ये बेकनचे तुकडे. “झोंडर फ्लेस”, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणता आलं तरी पुरतं. चीज किंवा सफरचंद घातलेले मोठे पॅनकेक आणि चीज सुफ्ले हे भरवशाचे पदार्थ. दोन्हींत अंडं असू शकतं. कडक शाकाहारी असाल तर पारंपरिक डच चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट असतं हेही ध्यानात घ्या आणि सुपरमार्केटमध्ये शाकाहारी छाप बघून घ्या.

घरून शिधा नेणार असाल तर तूप, पेढे, पनीर बॅगेत ठेवू नका. दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे. कढीपत्ताही नको. डाळ, तांदूळ, मसाले, मेतकूट चालतं. बंगल्यात बहुधा इंडक्शनची शेगडी असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. न्यायचाच तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा न्या.

थंडी, ओल, बर्फ

तापमान साधारण २ ते ६ अंश असतं, जे ऐकायला सोसण्यासारखं वाटतं. त्रास वाऱ्याचा आणि ओलीचा होतो. छत्री तिथल्या सपाट शेतांमधल्या वाऱ्यात उलटी होते. टोपीचा जलरोधक कोट आणि पाणी न शिरणारे बूट घ्या. कापसाच्या जाड कपड्यांपेक्षा लोकरीचे पातळ थर बरे. नदीला पूर असला की पूरकुरणांतल्या पायवाटा पाण्याखाली जातात, तेव्हा बांधावरूनच चाला.

बर्फाची चादर मिळेलच असं समजू नका. फ्रीसलंडमधली सुमारे २०० किलोमीटरची प्रसिद्ध स्केटिंग शर्यत पुरेशा जाड बर्फाअभावी ४ जानेवारी १९९७ नंतर झालेली नाही, यावरून अंदाज यावा. आणि कालवा गोठलेला दिसला तरी स्थानिक लोक उतरलेले नसतील तर त्यावर पाऊल टाकू नका. पुलाखालचा बर्फ नेहमीच कच्चा असतो. मुलांना हे आधीच बजावून ठेवा.

आयत्या वेळी बिघडलं तर

हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला तर त्या दिवशीची लांबची सहल सोडून द्या. पाऊस गोठून रस्त्यावर काचेसारखा थर बसतो तेव्हा स्थानिक लोकही गाडी काढत नाहीत. वादळात टेसेलसारख्या बेटांच्या फेरीबोटी रद्द होऊ शकतात, म्हणून बेटाची सहल आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा. हुकली तर दुसरा दिवस हाताशी राहतो. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर कधीच जाऊ नका.

शेवटची बस चुकली तर गावाच्या फाट्यावर टॅक्सी मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते. जवळच्या कॅफेत जाऊन विचारा, लोक मदत करतात. उतरताना कार्ड टेकवायचं राहिलं तर ते नंतर ऑनलाइन दुरुस्त करून जादा पैसे परत मागता येतात. त्यासाठी कुठे चढलो, कुठे उतरलो आणि किती वाजता, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.