‘किरकोळ वाद’ नको, कारण लिहून घ्या: द्वेषातून झालेल्या गुन्ह्याची तक्रार कशी द्यायची

लग्नाची पंगत बसली, वरण-बट्टी वाढायला सुरुवात झाली आणि एका पोराला दंडाला धरून उठवलं. ‘आम्हनी पंगतमा कसाले बठना रे तू?’ पाठोपाठ जातीची शिवी, मग दोन-चार थपडा. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कागदावर उतरलं ते एवढंच: ‘जेवणाच्या कारणावरून किरकोळ वाद होऊन शिवीगाळ व चापटांनी मारहाण.’ म्हणजे एनसी, अदखलपात्र: कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. मार कागदावर आला, पण का मारलं ते गळालं. अशा गुन्ह्यात सगळं वजन त्या ‘का’मध्येच असतं.

आपल्याकडे द्वेषगुन्हा नावाचं वेगळं कलम नाही. ओळखायचं कसं? स्वतःला विचारा: त्या जागी दुसऱ्या जातीचा, धर्माचा किंवा गावचा माणूस असता तर हे घडलं असतं का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर कारण द्वेषाचं आहे. भांडण खरोखर बांधाचंच असेल, तर त्यात जात घुसवू नका. तशी केस कोर्टात टिकत नाही आणि पुढच्या खऱ्या तक्रारदाराकडे लोक संशयाने बघतात.

कायदा कोणता लागेल, हे माणसावर ठरतं. मार खाणारा अनुसूचित जाती किंवा जमातीचा (भिल्ल, पावरा, कोकणा, मावची वगैरे) आणि मारणारा त्यांच्याबाहेरचा असेल, तर 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा. धर्मावरून तेढ पेटवली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 196. गावाने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकलं, पिठाची गिरणी, दुकान, पाणी बंद केलं, तर महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कार कायदा; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि परका म्हणून मारलं तर? साक्री तालुक्यातलं राईनपाडा आपण विसरलेलो नाही. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती, आणि सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात, 17 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. आता न्याय संहितेच्या कलम 103(2) मध्ये जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे. पण अफवा ग्रुपवर आली की पोलिसांचा 112 नंबर लावायचा, हे कलमापेक्षा लवकर कामाला येतं.

आता प्रत्यक्ष तक्रार. लागलं असेल तर आधी सरकारी दवाखाना. मार कसा आणि कुणी दिला ते डॉक्टरांना सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद, करायला लावा. मग घरी बसून, ठाण्यात जाण्याआधी, एका कागदावर सगळं लिहून काढा: वेळ, जागा, कोण काय बोललं, कुणी ऐकलं.

बोललेलं जसंच्या तसं लिहा. अहिराणीत बोलले तर अहिराणीत. शिवी लिहायला लाज वाटते हे खरं, पण ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ या गुळगुळीत वाक्यावर आरोपीचा वकील लगेच विचारतो, नेमका शब्द कोणता होता? पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईच्या तोंडी ठाण्याची मराठी घालण्यापेक्षा तिची भाषा समजणारा माणूस सोबत न्या. ऐकणाऱ्यांची नावं तर हवीतच, कारण अ‍ॅट्रॉसिटीत अपमान लोकांसमक्ष झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणीच नसताना दिलेली शिवी त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे.

व्हिडिओ असेल तर ज्या फोनवर काढला तो जपा. फॉरवर्ड झालेली प्रत तितकी कामाची नाही. आणि पोरं अल्पवयीन असतील तर तो कुठेही टाकू नका. जून 2018 मध्ये जामनेर तालुक्यातल्या वाकडीत विहिरीत पोहले म्हणून दोन मुलांना विवस्त्र करून मारलं, तो व्हिडिओ राज्यभर फिरला. लोकांचा राग खरा होता, पण लाज त्या मुलांची गेली. अशा मुलांची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. लिहिलेलं वाचून घ्या आणि ‘का’ त्यात आलंय का ते बघूनच सही करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. अ‍ॅट्रॉसिटीत ‘आधी चौकशी करू, मग बघू’ हे उत्तर चालत नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाचा अधिकारी करतो, दोषारोपपत्राला साठ दिवसांची मुदत आहे. जातीचा दाखला हाताशी असेल तर झेरॉक्स न्या. नसेल तर तो नंतर देता येतो, त्यासाठी थांबू नका.

नोंदवून घेतलंच नाही, तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, जिथली असेल तिथल्या पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती ठेवा. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो, फोन 15100. अ‍ॅट्रॉसिटीसाठी 14566.

मग संध्याकाळी ओट्यावर चार प्रतिष्ठित येतात. ‘गावातलं गावात मिटवू.’ चहा द्या, पण सही देऊ नका. कोण आलं, किती वाजता, काय म्हणालं, तेही त्याच वहीत लिहा. धमकीचा सूर असेल तर ती वेगळी तक्रार होते.

पंगतीतल्या त्या पोराने आठवड्याने दुसरा अर्ज दिला, एक प्रत अधीक्षकांना. यावेळी पहिल्याच ओळीत ते अहिराणी वाक्य होतं, आणि खाली पंगतीच्या त्याच रांगेत बट्टी वाढणाऱ्या दोघांची नावं.