वर्डची लांबलचक फाईल वेबपेजवर टाकताय? मग या चुका टाळा

मागे एका मंडळाची स्मरणिका वेबसाइटवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पावणेदोनशे पानं, सगळं एकाच वर्ड फाईलमध्ये, आणि वर "कॉपी-पेस्टच तर करायचंय, दोन तासांचं काम" असं ऐकवलेलं. दोन आठवडे गेले. खरं कन्व्हर्ट करायला एक दिवस लागला असेल, बाकी सगळे दिवस फाईलमध्ये आधीच करून ठेवलेले उद्योग निस्तरण्यात गेले, त्यामुळे आता असं काम आलं की पहिल्या दिवशी मी कन्व्हर्टरला हातच लावत नाही, नुसती फाईल चाळतो.

सगळे करतात ती चूक म्हणजे कंट्रोल-ए, कंट्रोल-सी आणि थेट वेबसाइटच्या एडिटरमध्ये पेस्ट. वरून छान दिसतं, पण मागचा कोड उघडा, प्रत्येक परिच्छेदाला एमएसओ-नॉर्मल नावाचा क्लास, जागोजागी स्पॅन नावाचे टॅग, त्यात फॉन्ट, साइज, ओळींमधलं अंतर सगळं कोंबलेलं. हे अंतर 'एक्झॅक्ट'वर सेट केलेलं असलं तर मोबाईलवर अक्षरं मोठी केल्यावर मात्रा आणि उकार एकमेकांच्या ओळीत घुसतात. सेव्ह ॲजमधला साधा 'वेब पेज' पर्यायही नको, फाईल परत वर्डमध्ये जशीच्या तशी उघडावी म्हणून तो ऑफिसचा अख्खा संसार सोबत आणतो. 'वेब पेज, फिल्टर्ड' त्यापेक्षा बरा, पण तोही पूर्ण साफ नाही. मी पॅनडॉक नावाचं फाईल कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, २००६ पासून चालू आहे, आणि रंग-फॉन्ट फेकून देऊन हेडिंग, याद्या, टेबलं, तळटिपा एवढंच उचलतो.

पण गंमत अशी की त्याला हेडिंग कळतं ते वर्डच्या 'हेडिंग' स्टाइलवरून. आपल्याकडे हेडिंग म्हणजे बोल्ड करा, साइज १८ करा, मधोमध आणा. माणसाला ते हेडिंग वाटतं, मशीनला तो फक्त जाड परिच्छेद. व्ह्यूमध्ये जाऊन नॅव्हिगेशन पेन चालू करून बघा, डावीकडे लेखांची नावं दिसली तर नशीब, रिकामं असेल तर कामाला लागा. एका खोट्या हेडिंगवर कर्सर ठेवून होम टॅबवरच्या सिलेक्टमधून 'सारख्या फॉरमॅटिंगचा सगळा मजकूर' निवडायचा आणि कंट्रोल-ऑल्ट-१ दाबायचं, म्हणजे 'हेडिंग १' स्टाइल लागते, एका दमात बरीचशी उरकतात. जागा सोडायला मारलेले दहा-दहा एंटर आणि स्पेसबार दाबून आणलेली रांग हे पण इथेच काढून टाका.

आता खरी डोकेदुखी. स्मरणिकेतले निम्मे लेख डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये आलेले. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीचे नसतात, आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि वर मराठीचा मुखवटा. ओळखायचं कसं, तर फाईलची कॉपी करून सगळ्याचा फॉन्ट एरियल करा, जिथे इंग्रजीचा चिवडा दिसेल तो मजकूर जुना. इथे घाई करून अख्खी फाईल फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढू नका, कारण त्यात खरोखरची इंग्रजी नावं आणि ईमेल असतात त्यांचाही भुगा होतो, आणि जे लेख आधीच युनिकोडमध्ये आहेत त्यांना तर हात लावायचंच कारण नाही. वर्डच्या फाइंडमध्ये फॉन्टच्या नावाने शोधता येतं, तेवढेच तुकडे काढून बदला. बदलल्यावर वेलांटी आणि रफार यांच्यावर डोळा ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, हा क्रम कन्व्हर्टरने उलटवला नाही की 'कविता'ची 'किवता' होते आणि 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम'. हे शब्द शोधले की कन्व्हर्टरची लायकी दोन मिनिटांत कळते.

आणि मजकूर साफ करणाऱ्या क्लीनरमधलं 'अदृश्य कॅरेक्टर काढा' हे बटण बघून हात शिवशिवतात ना, तो आवरा. काही कीबोर्ड 'ऱ्य' लिहिताना र, हलन्त आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. क्लीनरने ते खाल्लं की चंद्रकोरीचा ऱ्य जाऊन साधा र्य उरतो. माझ्याकडे महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे आभार मानलेले, ते वेबसाइटवर 'आचार्यांचे आभार' झाले. आठवडाभर कुणाच्या लक्षात नाही, मग एका काकांनी फोन करून विचारलं, "अरे, आपल्याकडे कोण आचार्य येऊन गेले?" आधी र-हलन्त-जोडचिन्ह या तिकडीच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घाला, मग बाकीची सफाई.

पेजच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी लावा, हिंदी नको. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर तेवढ्यानेच पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. यादीचे आकडे १, २, ३ हवे असतील तर सीएसएसमध्ये, म्हणजे पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, लिस्टचा प्रकार 'देवनागरी' करता येतो, हाताने टाइप करत बसू नका.

'पान ४७ पाहा' असले उल्लेख शोधून तिथे लिंक द्या, वेबवर पान ४७ नसतंच. ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट्स आधी निकालात काढा.

फोटोंचं एक सांगतो आणि थांबतो. डॉक्सएक्स फाईल ही मुळात झिप असते, कॉपी करून एक्स्टेन्शन झिप करा, उघडा, 'वर्ड' फोल्डरच्या आत 'मीडिया'मध्ये सगळे फोटो एकगठ्ठा मिळतात. फक्त वर्डमध्ये क्रॉप केलेला फोटो आत बहुतेक वेळा पूर्णच असतो, कापलेला भाग नुसता लपवलेला. मी तो गठ्ठा न बघता तसाच अपलोड केला आणि अध्यक्षांच्या भारदस्त फोटोशेजारी, वर्डमध्ये कधीच न दिसलेले, भजी खाणारे माजी खजिनदार अवतरले. आता आधी पिक्चर फॉरमॅटमधल्या कॉम्प्रेसमध्ये जाऊन 'क्रॉप केलेला भाग डिलीट करा'वर टिक करतो, रिझोल्यूशन कमी होऊ देत नाही, आणि मगच झिप उघडतो.