दुबई-सिडनीचे व्यापार करार आपल्या कोल्हापूरच्या मालाला लावायचे कसे

दुबईच्या पार्टीला माल पाठवताय आणि कागदांसोबत सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, जोडत नाही, तर एकमेकांच्या मालावरची ड्युटी कमी करायला भारत आणि यूएई (दुबई, शारजा ज्यात येतात तो देश) यांनी केलेला करार तुमच्यापुरता झालाच नाही असं समजा. हे मी अनुभवानं सांगतोय. शिरोलीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, पंपाचं कास्टिंग मशीनिंग करून देतो, २०२२ च्या पावसाळ्यात शारजाला पहिली ऑर्डर गेली. करार १ मे २०२२ पासून लागू झालेला, पण आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पार्टीनं तिकडं ५ टक्के ड्युटी भरली आणि पुढची ऑर्डर दुसरीकडं दिली, कारण तो दुसरा सप्लायर सर्टिफिकेट देत होता. माल आमचा चांगला होता हो, कमी पडला तो एक कागद.

म्हणून जे शिकलो ते लिहून ठेवतोय, फौंड्रीवाल्यांना, चप्पलवाल्यांना, गूळवाल्यांना सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

आधी थोडं मागचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेपमधून बाहेर राहिला, म्हणजे चीन, जपान, आसियान (आग्नेय आशियातले देश) वगैरे सगळ्यांचा मिळून जो मोठा करार होणार होता त्यातून. त्यानंतर दिल्लीनं एकेका देशाशी स्वतंत्र बोलणी लावली. मॉरिशसचा करार एप्रिल २०२१ पासून, यूएईचा मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाचा २९ डिसेंबर २०२२ पासून. यूएईची बोलणी तर ८८ दिवसांत संपली, कारण दोघांनाही घाई होती, त्यांना तेलापलीकडचा व्यापार वाढवायचा होता आणि आपल्याला दुबईच्या जेबेल अली बंदरामार्गे आखात आणि आफ्रिकेचं दार पाहिजे होतं. हे माहीत असलं की पार्टीशी बोलताना फरक पडतो, तिचा देश आपल्याकडून नेमकं काय घ्यायला बसलाय ते कळतं.

एक लक्षात ठेवा, सही झाली म्हणजे करार लागू झाला असं नसतं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनश्टाईन या चौघांशी मार्च २०२४ मध्ये सही झाली आणि लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. पेपरातली बातमी वाचून रेट कोट करू नका, लागू झाल्याची तारीख बघा.

आता पहिलं काम, आपल्या मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्स ज्यावरून माल ओळखतं तो आकडा, नक्की करा. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे आकडे प्रत्येक देशाचे वेगळे. चप्पलवाल्यांसाठी खास सांगतो, ६४०३.२० उघडून वाचा, त्यात लिहिलंय चामड्याचा तळ, पायाच्या पाठीवरून जाणारे चामड्याचे पट्टे आणि अंगठ्याभोवती पट्टा. म्हणजे आपली कोल्हापुरीच की! जगाच्या कोडबुकात आपल्या चपलेचा आकार बसलाय हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच भरून आलं. पण तळ रबराचा लावला की हा कोड गेला, मग दुसरा बघायचा आणि ड्युटीही नव्यानं तपासायची.

दुसरं, करारानं खरंच काही वाचतंय का ते बघा. यूएईत बहुतेक औद्योगिक मालावर ५ टक्के ड्युटी असते, तिथं फायदा आहे. ऑस्ट्रेलियातही बऱ्याच मालावर तेवढीच होती, आपल्या मालावर ती १ जानेवारी २०२६ पासून सगळ्याच कोडवर शून्य झालीय. स्वित्झर्लंडनं मात्र औद्योगिक मालावरची ड्युटी १ जानेवारी २०२४ पासून सगळ्या जगासाठीच काढून टाकलीय, मग तिकडं कास्टिंग पाठवताना करार दाखवून वेगळं काय मिळणार? तिथं तुमची स्पर्धा चीनशी सरळ रेटवर आहे. पार्टीच्या कस्टम ब्रोकरला कोडचे सहा आकडे पाठवा आणि लेखी उत्तर मागवा, एका ईमेलचं काम आहे.

तिसरं, माल भारतातलाच आहे हे सिद्ध करणं. गुळाचं सोपं आहे, करवीर-पन्हाळ्याचा ऊस, इथलंच गुऱ्हाळ, संपूर्ण माल इथलाच. फौंड्रीवाल्यांनी मात्र जपून. आयात केलेलं स्क्रॅप वितळवून कास्टिंग ओतलं तर स्क्रॅपच्या ७२०४ कोडचं कास्टिंगचं ७३२५ होतं, म्हणजे कोडचं शीर्षक बदललं, माल कुठला ते ठरवताना याला नियमात किंमत आहे. पण बाहेरून तयार कास्टिंग आणून नुसतं ड्रिलिंग करून पाठवलं तर तो माल भारतीय ठरत नाही. काही करारांत व्हॅल्यू ॲडिशन, म्हणजे मालाच्या किमतीतला इथला वाटा, हेही दाखवावं लागतं, आसियानमध्ये सर्वसाधारण नियम ३५ टक्क्यांचा आहे. त्यामुळं कॉस्टिंगची शीट, कच्च्या मालाची बिलं पाच वर्षं तरी जपून ठेवा, तिकडचं कस्टम्स मागून चौकशी करू शकतं.

चौथं, कागद. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, डीजीएफटीकडं (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाकडं) ऑनलाईन निघतो, फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायचा नाहीतर बंद पडतो, हे लई लोक विसरतात. मग डीजीएफटीच्याच सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनच्या पोर्टलवर प्रेफरेन्शियल, म्हणजे कराराच्या सवलतीचं, निवडा. नॉन-प्रेफरेन्शियल घेतलं तर सवलत शून्य! इनव्हॉइसवरचं वर्णन, वजन, कोड आणि सर्टिफिकेटवरचं एकदम जुळलं पाहिजे. माल कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलून जाणार असेल तर शेवटच्या बंदरापर्यंतचं एकच बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) सीएचएकडून, म्हणजे आपल्या कस्टम एजंटकडून, मागून घ्या, वाटेत माल कुठं उघडला नाही हे त्यावरून दिसतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्युटी तिकडं पार्टी भरते, म्हणजे वाचलेले पैसे आधी तिच्या खिशात जातात. आपण गप्प राहिलो तर सगळे तिच्याकडंच राहतात. म्हणून कोटेशनमध्येच लिहा की सर्टिफिकेट आम्ही देऊ आणि त्यामुळं तुमची ५ टक्के ड्युटी वाचेल. मग रेट दोन टक्के वर धरा, किंवा ॲडव्हान्स जास्त मागा, किंवा वर्षाची ऑर्डर बांधून घ्या. मी तिसरं केलं, शारजाच्याच दुसऱ्या पार्टीशी, आणि ती पार्टी अजून आमच्याकडं आहे. लांबच्या माणसाशी टिकून धंदा करायचा तर दोघांचंही काहीतरी वाचलं पाहिजे.

वाटेचाही विचार करा. न्हावा शेवाहून जेबेल अलीला सुएझ लागत नाही, पण युरोपला जायचं तर २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, त्यात दहा-बारा दिवस जास्त जातात. तेव्हा डिलिव्हरीची तारीख द्यायच्या आधी जहाज कुठल्या वाटेनं जाणार ते विचारून घ्या, आणि नवीन पार्टी असेल तर ईसीजीसीचा, म्हणजे पार्टीनं पैसे बुडवले तर उपयोगी पडणारा सरकारी कंपनीचा, विमा काढाच.

आणि ज्यांचा माल सर्टिफिकेटशिवाय आधीच गेलाय त्यांनी लगेच हात टेकू नका. बऱ्याच करारांत माल गेल्यावरही मुदतीत सर्टिफिकेट निघतं, त्यावर तसा शेरा येतो. गेल्या वर्षभराची शिपिंग बिलं काढून आजच सीएचएला दाखवा आणि पार्टीला विचारा, भरलेली ड्युटी परत मागता येते का ते.