टायटल्सला बासरी लावण्याआधी

भाच्याने शॉर्टफिल्म केली, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर हार ओवणाऱ्या आजीची. सुरुवातीच्या श्रेयनामावलीला हळवी बासरी लावून मला दाखवायला आणली. म्हटलं, "अरे, आजी अजून पडद्यावर आलीसुद्धा नाही आणि तू रडायला लागलास?"

टायटल्सचा आवाज फिल्मच्याच पोटातून काढावा. पहाटे पाचला रेकॉर्डर घेऊन आम्ही नाक्यावर गेलो. शटर, टोपल्या फरफटणं, पानांवर पाणी शिंपडणं, सगळं घेतलं. कामी आला तो झेंडूतून दोरा सर्रकन ओढल्याचा आवाज. तोच दर ७२ फ्रेमला ठेवला, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये ३ सेकंदांनी. खाली तंबोरा, बास. हिचकॉकच्या 'सायको' या थरारपटाला (१९६०) संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी नुसती तंतुवाद्यं वापरली. टायटल्समध्ये डिझायनर सॉल बास यांच्या करड्या पट्ट्या सरकतात, नावं चिरफाळतात. ना सुरा, ना रक्त, तरी आपण खुर्चीत सावरून बसतो.

पट्ट्या उसन्या घ्यायची आपल्याला गरज नाही, शिरोरेषा आहे की! दोरा डावीकडून येतो, त्याचीच शिरोरेषा होते आणि अक्षरं फुलांसारखी खाली लटकतात. फक्त 'स्टायलिश' दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, रेषेचे तुकडे पडतात. आणि 'दिग्दर्शक' टाइप केल्यावर नीट बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी 'द'च्या डावीकडे राहायची सोडून उजवीकडे जाऊन बसते. मी एकदा तशीच फाइल स्क्रीनिंगला पाठवली होती, अजून कानकोंडी होते.

नाव किती वेळ ठेवायचं? मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका. ते आवाजाच्या नेमक्या ठोक्यावर आणू नका, फटका मारल्यासारखं वाटतं. चार-पाच फ्रेम उशिरा आणा. मागे झेंडू असेल तर पांढरी अक्षरं बुडतात. आम्ही दृश्यच काळोखं केलं, हाताच्या कडेपुरता उजेड ठेवला.

मग चित्र झाकून नुसतं ऐकवा, फिल्मबद्दल काही माहीत नसलेल्या माणसाला. शेजारच्या काकूंनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "कोण गं गजरा ओवतंय?"

भाच्याने बासरी डिलीट केली. शेवटच्या नावानंतर आता दोरा दाताने तोडल्याचा आवाज येतो आणि लगेच पहिला सीन.