फोटोची पाठही स्कॅन करा

शहराचे जुने फोटो आणि पोस्टकार्डं जमवताना बहुतेक जण फक्त चित्राची बाजू स्कॅन करतात. खरा ऐवज अनेकदा पाठीमागे असतो: स्टुडिओचा शिक्का, कुणीतरी घाईत लिहिलेलं नाव, टपालाच्या शिक्क्यातली तारीख. पाठीवर पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेष असेल, तर कार्ड बहुधा १९०२ नंतरचं. पत्त्याच्या बाजूलाच मजकूरही लिहायची मुभा ब्रिटनने त्या वर्षी दिली, अमेरिकेने १९०७ मध्ये. (शिक्का कार्ड पाठवल्याची तारीख सांगतो. चित्र त्याहून कितीतरी जुनं असू शकतं.)

स्कॅन ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ या फाइल प्रकारात. मूळ प्रतीवर बॉलपेन नको, मऊ पेन्सिल चालेल. चिकट पानांचे अल्बम सरळ टाळा.

आठवणी रेकॉर्ड करताना मात्र "जुन्या काळाबद्दल सांगा" असं म्हणू नका. ठरलेली चार वाक्यं मिळतात. समोर एक फोटो ठेवा, "या दुकानाच्या शेजारी काय होतं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. सांगणाऱ्याचं बोट फोटोत कुठे आहे ते तुम्हीच मोठ्याने म्हणा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसतं "हे इथे, ते तिथे" उरतं. आवाज वापरायची परवानगीही त्यातच घेऊन ठेवा.